मोटारीची उंची व तिच्या स्प्रिंगा

गतवर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या एका वर्गबंधूच्या मामांनीं नवी स्पोर्ट्स मोटार घेतली. मामा खांदेश्वरास राहतात. हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचें हें स्थानक व भोंवतालची वस्ती जवळच्या शिवमंदिराच्या नांवानें ओळखली जाते, हें मुंबईकडील वाचकांस ठाऊक असेलच. गाडी दोनच माणसांची, नाक लांबट, आणि उंची इतकी कमी कीं, आंत शिरतांना गुडघे पोटाशीं घ्यावे लागतात. मामांच्या मातोश्रींनीं, म्हणजे आमच्या वर्गबंधूच्या आजींनीं, तींत एकदांच बसून पाहिलें व "बाळ, ही गाडी नव्हे, हा पाट आहे," असें म्हणून त्या रिक्षानें देवळास निघून गेल्या.

इतकी ठेंगणी गाडी असूनही ती मामांस उंच वाटे. चाकाचा वरचा कांठ व मडगार्डाची कमान यांमध्यें चार बोटांची पोकळी होती, ती त्यांच्या डोळ्यांस खुपे. ही पोकळी अर्धी करावी, म्हणजे गाडी तीन सेंटिमीटर खालीं बसवावी, असा त्यांचा बेत ठरला. "तुम्ही विज्ञान शिकतां ना? मग सांगा, यानें गाडी वळणावर रस्ता अधिक घट्ट धरील कीं नाहीं?" असा प्रश्न त्यांनीं आम्हांस केला. त्या दिवशीं आम्हांस उत्तर आलें नाहीं. पुढील मजकूर म्हणजे तें उशिरां दिलेलें उत्तर होय; आणि तें वेळेवर देतां आलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस आजही वाटतें.

प्रथम स्प्रिंगेचें काम काय तें पाहूं. बैलगाडीचा आंस थेट साट्याखालीं बसविलेला असतो, म्हणून वाटेंतला प्रत्येक धोंडा बसणाराच्या कण्यास कळतो. टांग्यास कमानी असतात. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या अशा कमानींचें पेटंट ओबडाया इलियट या इंग्रज गाडीकारानें १८०४ सालीं घेतलें, आणि आजही मालमोटारीखालीं वांकून पाहिलें तर त्याच वंशांतले पाटे दिसतात. लहान मोटारींत त्यांची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगेनें घेतली आहे. स्प्रिंगेचा धर्म रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला, तो आमच्या पाठ्यपुस्तकांतही आहे: भार जितक्या पट वाढेल तितक्या पट दब वाढतो. यावरून एक मौजेचा हिशेब निघतो. गाडीच्या स्वतःच्या भाराखालीं स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी खड्ड्यांतून गेल्यावर सेकंदास एक याप्रमाणें झोके घेते; सव्वासहा सेंटिमीटरच दबत असेल, तर सेकंदास दोन. पहिला झोका पाळण्यासारखा वाटतो, दुसरा चाळणीसारखा. घरगुती मोटारी पहिल्याच्या जवळपास असतात. शर्यतीच्या मोटारी दुसऱ्याच्याही पुढें जातात.

नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहिली असती. तो डोल जिरविण्यासाठीं प्रत्येक चाकाजवळ तेलानें भरलेली एक नळी असते. दट्ट्या खालींवर होतांना तेलास बारीक भोंकांतून जावें लागतें व त्यांत झोक्याचा जोर खर्ची पडतो. पुस्तकांत हिला शॉक-अब्सॉर्बर म्हणतात, गॅरेजांत शॉकअप. स्प्रिंग व शॉकअप यांची जोडी एकमेकांस अनुरूप असावी लागते. एक बदलून दुसरें तसेंच ठेवणें म्हणजे नव्या तबल्यास जुना डग्गा लावण्यासारखें होय.

आतां मामांचा प्रश्न. गवतानें शिगोशीग भरलेली गाडी उतरणीवरच्या वळणास कशी कलते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास उंचीचा दोष समजावून सांगणें नको. वळतांना गाडीचें वजन आंतील चाकांवरून बाहेरील चाकांकडे सरकतें. समजा, गाडी १५०० किलो वजनाची आहे, डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आहे, आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे. आंकडे सोयीसाठीं गोल घेतले आहेत, परंतु ते स्पोर्ट्स मोटारीपासून फार दूर नाहींत. उभ्या गाडीच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकीं ७५० किलो भार असतो. आतां ती उजवीकडे अशा वेगानें वळली कीं, बाहेर ओढणारा जोर वजनाच्या सहा-दशांश झाला. तेव्हां ३०० किलो भार उजवीकडून डावीकडे जातो. डाव्या चाकांवर १०५० व उजव्यांवर ४५० राहतो. गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर खालीं आणला, तर सरकणारा भार २८२ किलो होतो. म्हणजे लाभ १८ किलोंचा, शंभरास सहा.

हा लाभ खोटा नाहीं. टायरवरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं, कांहींशी कमीच वाढते. म्हणून भार दोन्ही बाजूंस जितका सारखा, तितकी चारही टायरांची मिळून पकड अधिक. शर्यतींत एका फेरीस सेकंदाचा दशांश वांचला तरी सोनें झालें, अशा ठिकाणीं शंभरास सहा ही मोठी दौलत आहे. परंतु गाडी उलटेल या भीतीनें ती खालीं बसवावयाची असेल, तर ती भीति अनाठायीं आहे. वरील गाडी उलटण्यास बाहेर ओढणारा जोर वजनाच्या दीडपट व्हावा लागेल, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायराची पकड सुमारें वजनाइतकीच असते. ती उलटण्याच्या फार आधीं घसरेल.

दुसरें कारण वाऱ्याचें सांगतात. गाडी जमिनीशीं जितकी जवळ, तितका तिच्या खालून जाणारा वारा नीट आवरतां येतो, हें खरें आहे. १९७८ सालीं लोटस ७९ या गाडीनें पोटाखालच्या वाऱ्याच्या ओढीनें स्वतःस रस्त्याशीं चिकटवून घेतलें व मारिओ आंद्रेत्ती तींत बसून जगज्जेता झाला. परंतु वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तीनशेंच्या वेगास जो जोर मिळतो, त्याचा पंचविसावा हिस्सा साठाच्या वेगास मिळतो. आणि खांदेश्वरच्या वसाहतींत साठाचा वेग हाही सभ्य मनुष्याचा वेग नव्हे.

येथपर्यंत मामांची बाजू थोडीबहुत खरी ठरली. पुढचा भाग मात्र आम्हांस स्वतःसही अनपेक्षित होता. वळणावर गाडीचें अंग कलतें तें एका काल्पनिक बिंदूभोंवतीं कलतें. हा बिंदु डोळ्यांनीं दिसत नाहीं. चाकांस अंगाशीं जोडणारे दांडे कोणत्या कोनांत आहेत, यावरून तो ठरतो. आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढील चाकांस अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियराच्या नांवाची रचना असते. १९५० सालीं फोर्ड कंपनीनें ती ब्रिटनमधील कॉन्सल व झेफिर या गाड्यांस लाविली होती. हींत स्प्रिंग व शॉकअप मिळून एक उभा खांब होतो व खालीं एकच आडवा दांडा असतो. कारखान्यांतून येतांना हा दांडा चाकाकडे किंचित् उतरता असतो. गाडी खालीं बसविली कीं अंगाकडील टोंक खालीं जातें, चाकाकडील टोंक होतें तेथेंच राहतें, आणि दांडा उलट दिशेस झुकतो. यामुळें कलण्याचा तो बिंदु गाडीपेक्षां अधिक खालीं जातो. गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर उतरला, बिंदु त्याहून पुष्कळ अधिक उतरला. दोहोंमधील अंतर वाढलें. तें अंतर म्हणजे गाडीस कलविणारी तरफच होय. म्हणजे ठेंगणी केलेली गाडी, स्प्रिंगा तितक्याच कडक ठेवल्या तर, पूर्वीपेक्षां अधिक कलूं शकते! शर्यतीचे कारागीर यासाठीं चाकाजवळील सांध्याची जागाही बदलतात. नुसत्या स्प्रिंगा आखूड करणारे हें करीत नाहींत.

याच वेळीं चाकें माथ्याकडून आंत झुकतात व त्यांची दिशाही किंचित् बदलते. कोन पुन्हां जुळवून घेतले नाहींत, तर टायराची आंतील कड थोड्याच महिन्यांत गुळगुळीत होते. ही कड बाहेरून दिसत नसल्यामुळें मालकास टायर नवे दिसतात, आणि पहिल्या पावसांत ते जुने असल्याचें कळतें.

सर्वांत मोठा खर्च मात्र पोकळीचा आहे. मामांच्या डोळ्यांस खुपणारी ती चार बोटें शोभेसाठीं ठेवलेली नव्हती; चाकास वर उडी घेण्यासाठीं ठेवलेली ती जागा होती. समजा, चाकास वर जाण्यास सात सेंटिमीटर मोकळीक आहे व तिच्या शेवटीं रबराचा अडसर आहे. गाडी तीन सेंटिमीटर उतरविली कीं मोकळीक चार सेंटिमीटर उरते. सात सेंटिमीटरांत जिरणारा धक्का चार सेंटिमीटरांत जिरवावयाचा, तर स्प्रिंग सुमारें तिप्पट कडक हवी. कारण स्प्रिंगेंत सांठणारें कार्य अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. सातांचा वर्ग ४९, चारांचा १६. वाचकांनीं भागाकार करून पहावा. विकत मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा तिप्पट कडक नसतात, कारण तशा गाडींत कोणी दोन मैलही बसणार नाहीं. त्या थोड्याच कडक असतात, आणि उरलेला हिशेब रबरी अडसराच्या माथीं बसतो.

गाडी उतरविण्याच्या रीतीही सारख्या नाहींत. सर्वांत स्वस्त व सर्वांत वाईट म्हणजे मूळ स्प्रिंगेचा एखादा वेढा करवतीनें कापणें. वेढे कमी झाले कीं स्प्रिंग कडक होते, हें खरें. परंतु तिचें टोंक खोबणींत नीट बसत नाहीं व चाक खड्ड्यांत लोंबकळलें कीं ती जागेवरून सुटूं शकते. याहून वाईट एकच रीत आम्हीं ऐकिली: स्प्रिंगेस गॅसच्या ज्योतीनें लाल करून गाडीच्या भारानें दबूं देणें. पोलादास कारखान्यांत दिलेलें पाणी यानें उतरतें, व उरतो तो लोखंडाचा वेटोळा. बरी रीत म्हणजे त्या गाडीसाठीं मुद्दाम बनविलेल्या आखूड स्प्रिंगा, त्यांस जुळणारे शॉकअप व नंतर चाकांच्या कोनांची मोजणी. महाग रीत म्हणजे आटे पाडलेली, उंची कमीजास्त करतां येणारी जोडी, जिला गॅरेजवाले कॉइलओव्हर म्हणतात. त्याहून महाग म्हणजे हवेच्या पिशव्या. मामांनीं एका गॅरेजांतून आखूड स्प्रिंगा बसविल्या. शॉकअप जुनेच राहिले. कोन मोजावयाचे "पुढच्या आठवड्यास" ठरलें.

आतां रस्त्याकडे वळूं, कारण गाडीची उंची शेवटीं रस्ताच ठरवितो. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं गतिरोधकाचें माप ठरवून दिलें आहे: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर. आम्हीं वर्गांतील फळ्यावर ही आकृति काढून पाहिली, आणि तिच्यांतील शहाणपण पाहून चकित झालों. पुढील व मागील चाकांमध्यें अडीच मीटर अंतर असलेली गाडी या उंचवट्याच्या मध्यावर आली, म्हणजे तिचीं चारही चाकें उंचवट्यावरच असतात व तींही साडेपांच सेंटिमीटर वर उचललेलीं असतात. पोटाखालून फक्त ४.६ सेंटिमीटर जागा जाते. मामांच्या गाडीचें पोट मुळांत जमिनीपासून १२ सेंटिमीटर होतें. (तें आम्हीं लांकडी ठोकळे सरकवून स्वतः मोजलें, मामा त्या वेळीं अस्वस्थपणें शेजारीं उभे होते.) अशा गतिरोधकावरून उतरविलेली गाडीही पोट न घांसतां जावी.

नाकाची गोष्ट निराळी. नाकाचा खालचा ओंठ पुढील चाकाच्या सुमारें ९० सेंटिमीटर पुढें होता. चाक उंचवट्याच्या पायथ्याशीं आलें, तेव्हां ओंठाखालीं उंचवटा ७.४ सेंटिमीटर चढलेला असतो. ओंठ १२ सेंटिमीटरांवर असतांना साडेचार सेंटिमीटर वांचत. ९ वर आणल्यावर दीडच वांचतात. आणि गतिरोधक दिसला कीं मनुष्य ब्रेक दाबतो, व ब्रेक दाबला कीं नाक दोन-तीन सेंटिमीटर खालीं जातें. हिशेब तेथेंच संपला.

हें झालें नियमांतल्या उंचवट्याचें. गल्लीबोळांत रहिवाशांनीं हौसेनें घातलेले उंचवटे हातभर-दोन हात रुंद व टीचभर उंच असतात. त्यांवर गाडी आडवी आली कीं चारही चाकें सपाट जमिनीवर आणि सगळा उंचवटा पोटाखालीं. तेथें बारा काय नि नऊ काय! महाराष्ट्रांत स्पोर्ट्स मोटार बनविणारांनीं ही गोष्ट ओळखली होती. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीनें २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत अवंती नांवाची गाडी मांडली, तेव्हां तिचें पोट जमिनीपासून सुमारें १७० मिलिमीटर ठेविलें होतें. परदेशी कारखानेही अलीकडे यावर युक्ति करतात. पोर्श ९११ च्या नव्या गाड्यांस जादा किंमत देऊन अशी सोय घेतां येते कीं, कळ दाबली असतां नाक चार सेंटिमीटर वर उचललें जातें, आणि तो उंचवटा कोठें आहे हें गाडी लक्षांत ठेवून पुढच्या खेपेस आपण होऊन नाक उचलते. म्हणजे गाडी आधीं खालीं आणण्याचे पैसे, व मग वर नेण्याचेही.

कायद्याविषयीं थोडक्यांत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणीं त्याचा अर्थ कडकपणें लाविला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या. स्प्रिंगेची लांबी नोंदणीपुस्तकांत लिहिलेली नसते, हा मामांचा युक्तिवाद. तो खोटा नाहीं. परंतु गाडीची हमी देणारा कारखाना व तिचा विमा उतरणारी कंपनी नोंदणीपुस्तक वाचून थांबत नाहींत, गाडीखालीं वांकून पाहतात. काम करण्यापूर्वीं पनवेलच्या परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस लेखी विचारावयास दोन पत्रांचाच खर्च होता.

आतां जें झालें तें सांगतों. जून महिन्यांत, पाऊस नुकताच सुरू झाला असतां, मामा व आमचा वर्गबंधु महामार्गाकडे जाणाऱ्या एका वळणावरून येत होते. वेग फार नव्हता. दोघेही तसेंच सांगतात, आणि मोडतोडीवरूनही तसेंच दिसतें. वळणाच्या ऐन मध्यें डांबराचा एक ओबडधोबड सांधा आहे. गाडी कललेली असतांनाच मागील बाहेरचें चाक त्या सांध्यावर चढलें. कलण्यानें मोकळीक आधींच खाल्ली होती, उरलेली सांध्यानें खाल्ली, आणि चाक अडसरावर आदळलें. अडसरावर आदळतांच मऊ स्प्रिंग एका क्षणांत दगडासारखी होते. सगळा धक्का त्या एका टायरावर येतो. टायराची आंतील कड झिजलेली होती, कारण "पुढचा आठवडा" आलाच नव्हता. मागची बाजू सुटली, गाडीनें ओल्या रस्त्यावर अर्धी गिरकी घेतली व ती दुभाजकाच्या कडेस टेकून उभी राहिली. मागून येणाऱ्या टेंपोवाल्यानें वेळीं ब्रेक दाबला. आमच्या वर्गबंधूच्या कपाळास कांच लागून दोन टांके पडले. यापेक्षां अधिक कांहीं झालें नाहीं. त्या दिवशीं शाळेंत त्याची जागा रिकामी होती, आणि प्रार्थनेच्या वेळीं आम्हांस बातमी कळली, तेव्हां मामांच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्ही सहा महिने टाळलें होतें, याची आठवण होऊन आमची मान खालीं गेली.

गॅरेजवाल्यास दोष द्यावा काय, यावर आमच्यांत वाद झाला. आमचें मत असें कीं, त्यानें सांगितलेलेंच काम केलें. मात्र अपुरें काम सांगितलें गेलें असतां तें अपुरें आहे, हें बोलणें हाही त्याच्या धंद्याचा भाग होता. मामा स्वतःस दोष देतात, व फारसें बोलत नाहींत.

मूळ स्प्रिंगा सुदैवानें मामांच्या घरीं पलंगाखालीं खोक्यांत होत्या. त्या पुन्हां चढविल्या, चार चाकांचे कोन मोजून घेतले, मागील दोन टायर बदलले. आम्ही ठोकळे घेऊन पुन्हां गेलों. पोट पुरें १२ सेंटिमीटर भरलें. चाकावरची चार बोटांची पोकळी परत आली आहे. आखूड स्प्रिंगांस गिऱ्हाईक मिळेना, तेव्हां त्यांतल्या दोन हल्लीं गच्चीवर तुळशीच्या कुंड्यांखालीं आहेत. आजी अजूनही देवळास रिक्षानेंच जातात.